फुटवा कुणाचा?

लष्करातल्या आमच्या घराच्या चौकात आजी गुलाबाचे डोळे भरायची. जानेवारीतलं ग्वाल्हेरचं धुकं विरून ऊन चौकात उतरलं की ती देशी गुलाबाच्या खुंटावर चाकूने चीर द्यायची, साल हलकेच उचलायची, दुसऱ्या झाडावरून सालीसकट काढलेला डोळा आत सरकवायची आणि तोंड उघडं ठेवून बाकीचं घट्ट बांधून टाकायची. मी नऊ-दहा वर्षांची असताना तिने मला एक कुंडी स्वतंत्र दिली. डोळा मीच भरला, पाणीही मीच घातलं. मार्चमध्ये कुंडीत हिरवीगार फूट दिसली तेव्हा मी ओरडतच तिच्याकडे गेले. आजीने चष्मा लावला, खाली वाकली, पानं बोटांनी बाजूला केली आणि म्हणाली, "हिरवं दिसतंय म्हणून खूष होऊ नकोस. फुटवा कुठून आलाय ते बघ आधी."

फुटवा जोडाच्या खालून आला होता. मी भरलेला डोळा काळा पडून वाळला होता, आणि वाढत होता तो खुंट.

हे मला पुढे पंचवीसेक वर्षांनी, ग्वाल्हेरपासून दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासाइतक्या दूर एका प्रयोगशाळेत आठवलं. तेही वेळेवर नाही, चार महिने उशिरा. त्या चार महिन्यांबद्दल लिहायचं आहे.

जिवाजी विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी काही वर्षं इकडेतिकडे काम केलं आणि २००६ मध्ये दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.साठी दाखल झाले. आमच्या गटाचं काम ऊती-अभियांत्रिकीचं. सोप्या शब्दांत सांगायचं तर शरीराला हवा असलेला ऊतीचा तुकडा बाहेर तयार करायचा आणि मग आत बसवायचा. त्यासाठी सच्छिद्र पदार्थाचा एक आधार लागतो, त्याला आम्ही स्कॅफोल्ड म्हणतो. त्यावर जिवंत पेशी पेरायच्या, काही दिवस पोषकद्रवात वाढवायच्या आणि प्राण्याच्या शरीरात ठेवून काय होतं ते पाहायचं. माझा स्कॅफोल्ड हाडातल्या खनिजाचा, म्हणजे हायड्रॉक्सिॲपेटाइटचा होता. पेशी मानवी अस्थिमज्जेतून वाढवलेल्या. त्या ठेवायच्या बिनकेसांच्या उंदरांच्या कातडीखाली. या उंदरांत एका जनुकातल्या दोषामुळे थायमस ग्रंथी तयार होत नाही, टी-पेशी नसतात, त्यामुळे माणसाच्या पेशी परक्या म्हणून लगेच हाकलल्या जात नाहीत. प्रश्न एवढाच होता की या पेशी तिथे हाड करू लागतात का.

सूक्ष्मदर्शकाखाली हाडासारखं काही दिसायला आठवडे जातात. पण पेशींनी काय करायचं ठरवलंय हे त्याआधी कळू शकतं, कारण पेशी आधी बोलते आणि मग करते. इथे थोडं थांबून समजावते, कारण सगळं याच्यावर उभं आहे.

आमच्या लष्करातल्या मराठी घरात वाढलेल्या माणसाकडे दोन भाषा असतात. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला पडली, ती उठलीच नाही, तिचंच शहर झालं आणि नावही लष्कर हेच राहिलं. तेव्हापासून उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी. सराफ्यात भाव करताना माझे बाबा हिंदीच बोलणार, आणि घरात पाऊल टाकताच मराठी. दोन्ही भाषा त्यांच्याकडे चोवीस तास आहेत. या घडीला कोणती बोलतायत ते कान देऊन ऐकल्याशिवाय कळत नाही. जनुकांचं तसंच आहे. यकृताच्या पेशीत आणि हाडाच्या पेशीत प्रथिनांची तीच वीस हजारांच्या आसपास जनुकं असतात. यकृताची पेशी त्यांतली काही वाचते, हाडाची दुसरी वाचते. वाचलेल्या जनुकाची जी तात्पुरती प्रत निघते ती आरएनए. या प्रती मोजल्या की पेशी त्या क्षणी काय बोलत होती ते कळतं. जनुक-अभिव्यक्तीचा अभ्यास म्हणजे हे ऐकणं. हाडाच्या वाटेला लागलेली पेशी आधी रनएक्स-२ नावाचं जनुक वाचू लागते, पुढे कोलॅजन-१ आणि अल्कलाइन फॉस्फेटेज, आणि बऱ्याच उशिरा ऑस्टिओकॅल्सिन.

आरएनए टिकत नाही. पेशीतसुद्धा बहुतेक प्रती काही मिनिटं ते काही तासच राहतात. बाहेर तर तिला खाऊन टाकणारी विकरं माणसाच्या बोटांवर, टेबलावर, सगळीकडे असतात, आणि उकळूनही ती पुरती मरत नाहीत. त्यात ऊती शरीरातून कापून काढली की काही मिनिटांतच पेशींमध्ये ताणाची जनुकं जागी होतात. म्हणजे उशीर केला तर आपण ऐकतो ते ऊतीचं रोजचं बोलणं नव्हे, तिची किंकाळी. म्हणून नमुना काढण्याच्या दिवशी आम्ही पहाटेच सगळं मांडून ठेवायचो. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर शेजारी उकळत असायचा. उंदराला वेदना न होता मारायचं, कातडी उघडायची, तुकडा काढायचा, त्याचे तीन भाग करायचे. पहिला फॉर्मॅलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकासाठी. दुसरा नायट्रोजनमध्ये, आरएनएसाठी. तिसराही नायट्रोजनमध्ये बुडवून थेट उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये, कशासाठीही नाही.

हा तिसरा तुकडा आमच्या मॅडमचा, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांचा नियम. नमुना आधीच तांदळाच्या चार दाण्यांएवढा. त्यातला एक तृतीयांश नुसता ठेवून द्यायचा हे मला तेव्हा पटत नसे. मी एकदा तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "जीव एकदाच जातो. आपले प्रश्न मात्र नंतर सुचतात." प्राणी-प्रयोगांच्या नीतीबद्दल रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वं मी परीक्षेपुरती पाठ केली होती: शक्य तिथे प्राणी टाळा, संख्या कमी करा, यातना कमी करा. त्यातल्या दुसऱ्याचा अर्थ मला मॅडमच्या फ्रीझरमुळे कळला.

आरएनए काढण्याची पद्धत जगभर साधारण तीच आहे. पोलिश-अमेरिकन शास्त्रज्ञ पिओत्र खोमचिन्स्की आणि त्यांच्या सहकारी निकोलेटा साक्की यांनी ती १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. गोठलेला तुकडा चिनी मातीच्या खलबत्त्यात नायट्रोजन ओतत ओतत कुटायचा. हात सैल पडला की वितळतो आणि सगळं गेलं. मग तो गुलाबी, उग्र वासाचा द्रव आणि क्लोरोफॉर्म. फिरवून काढल्यावर नळीत तीन थर दिसतात: तळाला गुलाबी, मध्ये पांढरा पडदा, वर पाण्यासारखा स्वच्छ. आरएनए त्या वरच्या थरात. माझ्या स्कॅफोल्डने इथे एक वेगळंच संकट उभं केलं. हायड्रॉक्सिॲपेटाइटला आरएनए आणि डीएनए चिकटतात. पूर्वी ते वेगळे करायला याच खनिजाच्या नळ्या वापरत. म्हणजे पेशी जे बोलत होत्या ते भिंतच शोषून घेत होती. हातात पुरेसा आणि न तुटलेला आरएनए यायला मला सात-आठ महिने लागले. ते महिने मी इथे दोन वाक्यांत संपवतेय, पण जगताना ते तसे संपले नाहीत.

मग मोजणी. आरएनएची डीएनएत नक्कल करायची आणि त्यातला हवा तो भाग यंत्रात फेरीगणिक दुप्पट करत जायचं. प्रतींबरोबर वाढत जाणारा प्रकाश ठरावीक पातळीला कितव्या फेरीत पोचला तो आकडा महत्त्वाचा. एका फेरीचा फरक म्हणजे दुपटीचा, दहा फेऱ्यांचा म्हणजे हजारपटीचा. कोणता भाग दुप्पट करायचा हे ठरवतात प्रायमर, म्हणजे त्या जनुकाशी जुळणारे डीएनएचे छोटे तुकडे. मानवी जनुकांचे प्रायमर मी एका जुन्या शोधनिबंधातून घेतले होते. ते तिथे चालले होते, माझ्या काचेच्या बशीतल्या मानवी पेशींवरही छान चालले.

२८ व्या दिवसाचे आकडे आले त्या संध्याकाळी मी जेवायलाही गेले नाही. कोलॅजन-१ आठवड्यागणिक चढत होतं, रनएक्स-२ सुद्धा. सूक्ष्मदर्शकाखाली स्कॅफोल्डच्या भोकांत नवी तंतुमय ऊती भरलेली दिसत होती. दोन्ही पुरावे एकमेकांना धरून होते. मी बाबांना फोन करून सांगितलं की पेशी जगल्या आहेत आणि कामाला लागल्या आहेत. आलेखाचं पोस्टर करून एका परिषदेत लावलं. शोधनिबंधाचा मसुदा झाला.

त्याच काळात नगरची एक मुलगी आमच्याकडे उन्हाळी प्रशिक्षणाला आली होती. तिला हात बसावा म्हणून मी साध्या उंदराच्या कातडीचा आरएनए दिला आणि म्हटलं, माझ्या डब्यातले कोणतेही प्रायमर घे, काही दिसणार नाही, पण पद्धत कळेल. दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन आली. "ताई, तुमचे माणसाचे प्रायमर उंदरात पण चालतात." कागदावर सुरेख, उभी, स्वच्छ वक्ररेषा होती. त्या आरएनएत माणसाची एकही पेशी नव्हती.

मी वही उघडली. प्रयोगात मी रिकामे स्कॅफोल्डही ठेवले होते, पेशी न पेरलेले, तुलनेसाठी. त्यांतही कोलॅजनचा संकेत आला होता. कमी, पण आला होता. त्याच्यापुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: पार्श्वभूमी. चार महिने मी ते पान उलटत होते. जिथे माणसाची पेशीच नाही तिथे माणसाचं जनुक कसं बोलेल, हा प्रश्न दहावीच्या मुलाला पडला असता. मला पडला नाही, कारण झाड हिरवं दिसत होतं. आजीचा आवाज मला तेव्हा आठवला.

माणसाच्या आणि उंदराच्या प्रथिन-जनुकांचा मजकूर सरासरी ८५ टक्के सारखा आहे. मी घेतलेले प्रायमर नेमके सारख्या भागावर बसत होते. त्यांना दोघांचं बोलणं एकच वाटत होतं. त्याहून वाईट म्हणजे ज्या जनुकाच्या मापाने आम्ही सगळे आकडे भागतो, त्या जीएपीडीएचचे प्रायमरही दोन्ही प्राण्यांत चालत होते. लिव्हॅक आणि श्मिटगेन यांनी २००१ मध्ये दिलेलं ते भागाकाराचं सूत्र आम्ही सगळेच डोळे मिटून वापरतो. पण छेदच सरमिसळ असेल तर उत्तराला अर्थ राहत नाही. आणि केवळ मानवी जनुकाला मानवी जनुकाने भागलं तरी एक खड्डा उरतोच. गावात दहाच माणसं उरली असतील आणि ती खणखणीत बोलत असतील, तर सरासरी चांगलीच येते. माणसं किती उरली ते वेगळं मोजावं लागतं.

मॅडमना सांगायला गेले तेव्हा माझे हात गार पडले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "तिसरे तुकडे काढ."

पुढचे पाच महिने मी ते तुकडे वापरले. जनुकाच्या शेवटाला एक भाग असतो ज्याचं प्रथिन होत नाही. तिथे माणूस आणि उंदीर एकमेकांपासून बरेच दूर गेलेले असतात. तिथले प्रायमर नव्याने आखले आणि प्रत्येक जोडी आधी निव्वळ उंदराच्या आरएनएवर चालवून पाहिली; तिथे गप्प राहील तीच ठेवायची. पेशी मोजण्यासाठी डीएनएतला अलू नावाचा क्रम घेतला. तो फक्त माणूस-माकडांच्या कुळात सापडतो आणि मानवी जनुकसंचात त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती आहेत, त्यामुळे मूठभर मानवी पेशीही लपत नाहीत.

निकाल असा आला. पहिल्या दिवशी मानवी पेशी भरपूर. सातव्या दिवशी त्यांतल्या बहुतेक गेलेल्या. २८ व्या दिवशी मानवी संकेत जवळजवळ नाहीसा. चढत गेलेलं कोलॅजन उंदराचं होतं. आणि कोलॅजन-१ काही फक्त हाड करत नाही, व्रणसुद्धा तेच करतं. भोकं भरणारी ती सुंदर ऊती म्हणजे उंदराच्या शरीराने परक्या वस्तूभोवती विणलेली जाळी होती.

मसुदा मागे घेतला. परिषदेच्या संयोजकांना दुरुस्तीचं पत्र लिहिलं. ते पत्र लिहिताना मला लाज वाटली हे खरं, आणि ते लिहिलं याचं समाधान आजही आहे.

पेशी का मेल्या याचं कारण तसं जुनंच आहे. रक्तवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटरपलीकडे प्राणवायू पोचत नाही. जाड तुकड्याच्या पोटातल्या पेशी, बाहेरून नव्या वाहिन्या येईपर्यंत, उपाशी मरतात. हे आपल्याकडच्या कारागिरांनी न मोजता ओळखलं होतं. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेचं वर्णन छापून आलं. इंग्रजी फौजेतला कावसजी नावाचा मराठा गाडीवान टिपूच्या कैदेत पडला, त्याचं नाक कापलं गेलं. विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक केलं. मला त्या वर्णनातला एकच तपशील विलक्षण वाटतो: भुवयांमधला कातडीचा देठ त्याने लगेच कापला नाही, पंचवीस दिवसांच्या सुमारास कापला. तोवर त्या देठातून जुनं रक्त येत राहिलं आणि खालून नवं रुजलं. माझ्या पेशींना असा देठ नव्हता.

२०१० मध्ये येल विद्यापीठातल्या क्रिस्टोफर ब्रॉयर आणि तोशिहारु शिनोका यांच्या गटाचा एक शोधनिबंध आमच्याकडे वाचला गेला. शिनोकांनी त्याआधी जपानमध्ये जन्मतः हृदयदोष असलेल्या मुलांना विरघळणाऱ्या नळीवर त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी पेरून रक्तवाहिन्या बसवल्या होत्या, आणि त्या चालल्या होत्या. सगळ्यांची समजूत अशी की पेरलेल्या पेशींचीच वाहिनी झाली. येलच्या गटाने मानवी पेशी पेरलेल्या नळ्या उंदरांत बसवून माग काढला, तर त्या पेशी काही दिवसांतच दिसेनाशा झाल्या. पण जाण्याआधी त्यांनी एमसीपी-१ नावाच्या रेणूची हाक दिली, ती ऐकून यजमानाच्या मोनोसाइट पेशी धावल्या आणि शेवटी वाहिनी यजमानाच्याच पेशींनी बांधली. पेशी न पेरता नुसता तो रेणू हळूहळू सोडणारी नळी बसवली तरी परिणाम बराच तसा मिळाला.

तो निबंध वाचून मी माझ्या वह्यांकडे परत गेले. तोवर मी उंदराचा सगळा संकेत गोंगाट म्हणून वगळत होते, आणि खरा मजकूर तिथेच होता. उंदराचे प्रायमर लावून मी भक्षकपेशींचं बोलणं ऐकायला सुरुवात केली. सुरुवातीच्या दिवसांत टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ बीटा, नॉस-२: ही भांडणाची भाषा. पुढे आर्जिनेज आणि सीडी-२०६ वाढू लागले, ही आवरसावरीची आणि दुरुस्तीची. ज्या नमुन्यांत पहिली भाषा लांबली, त्यांच्याभोवती जाड कोष झाला. ज्यांत ती वेळेवर ओसरली, त्यांत नव्या वाहिन्या शिरल्या. दोन भाषांची अशी सरळ विभागणी ढोबळ आहे, भक्षकपेशी प्रत्यक्षात मधल्या अनेक छटांत बोलतात. पण ढोबळ का होईना, स्कॅफोल्डचं पुढे काय होणार हे सूक्ष्मदर्शकाच्या आधी त्यातून कळत होतं. माझा प्रबंध शेवटी यावरच झाला. २०१२ मध्ये पदवी मिळाली. आजी त्याच्या आदल्या वर्षी गेली होती.

यातून पेशी पेरणं निरर्थक असा अर्थ कुणी काढू नये. दुसऱ्या प्रयोगशाळांत, दुसऱ्या स्कॅफोल्डवर, मानवी पेशी टिकल्याचे आणि त्यांनी स्वतः हाड केल्याचे चोख पुरावे आहेत. कधी डोळा धरतो, कधी खुंट फुटतो, आणि कधी खुंटच फुटावा अशीच योजना असते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयातल्या पेशी धुऊन काढून उरलेल्या जाळीपासून जखमेवर लावायचा स्कॅफोल्ड तयार केला. 'कोलेडर्म' या नावाने त्याला २०२३ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांची मंजुरी मिळाली. त्यात एकही जिवंत पेशी नाही. सगळी भिस्त रुग्णाच्या शरीरावर, आणि हे काम करणाऱ्यांनी तसं उघड सांगितलेलं आहे. मला हा प्रामाणिक मार्ग वाटतो.

आजचे विद्यार्थी माझ्या अडचणीतून बरेच सुटले आहेत. आता एकेका जनुकाच्या मागे न लागता नमुन्यातला सगळा आरएनए वाचून काढता येतो आणि वाचलेला प्रत्येक तुकडा माणसाचा की उंदराचा हे संगणक बहुतेक वेळा मजकुरावरून ओळखतो. स्टॉकहोमच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलेल्या पद्धतीने तर ऊतीच्या चकतीवर कोणत्या जागी काय बोललं गेलं याचा नकाशा मिळतो. मात्र यंत्र कितीही बदललं तरी दोन गोष्टी तशाच राहतात. एकाच नमुन्याने मोजणी-यंत्राच्या ताटलीतले तीन खळगे भरले म्हणजे तीन प्राणी तपासले असं होत नाही. हे मी अजूनही शोधनिबंधांत पाहते आणि मला राग येतो. आणि रिकाम्या स्कॅफोल्डचा निकाल पहिल्या आलेखातच, ठळक, छापायला हवा. पुरवणीत लपवायचा नाही.

२०१६ मध्ये बाबांच्या आजारपणामुळे मी लष्करात परतले आणि आता इथेच एका महाविद्यालयात शिकवते. उणे ऐंशीचा फ्रीझर आमच्याकडे नाही. माझ्या जुन्या संस्थेत त्या तिसऱ्या तुकड्यांपैकी बावीस नळ्या अजून ठेवलेल्या आहेत, प्रत्येकीवर उंदराचा क्रमांक आणि दिवस लिहिलेला.

इथे लोक मला वेगळेच प्रश्न विचारतात. गेल्या दिवाळीत दौलतगंजमधले एक काका गुडघ्याची कागदपत्रं घेऊन आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की स्टेम सेलची सुई घेतली की कूर्चा नव्याने उगवते, आणि त्यासाठी ते मुदतठेव मोडायला निघाले होते. मी त्यांना कुंडी दाखवली. चौकात आता दोनच गुलाब उरलेत, पण एकाला खालून फुटवा आला होता, तो दाखवायला पुरला. मग सांगितलं ते असं: माझ्या उंदरांत निदान माणसाच्या पेशी ओळखता तरी येत होत्या. तुमच्याच पेशी तुमच्याच गुडघ्यात टोचल्या तर त्यांच्यावर वेगळी खूण नसते, आणि दुखणं कमी झालं तरी ते त्या पेशींमुळे की विश्रांतीने की सूज उतरल्याने हे चालत्या माणसाच्या गुडघ्याचा तुकडा काढून कुणी बघत नाही. म्हणून तो पुरावा आधी प्राण्यांत आणि मग नोंदवलेल्या चाचण्यांत गोळा करावा लागतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या आजारांसारख्या मोजक्या, सिद्ध झालेल्या उपयोगांखेरीज मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, द्यायच्या तर त्या मंजूर चाचणीतच द्यायच्या, आणि असिद्ध उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत.

काकांनी ठेव मोडली नाही.

तुमच्या घरातही कुणी असे कागद घेऊन बसलं असेल, तर पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे औषध महानियंत्रकांनी मंजूर केलेलं आहे का? नसेल तर ही चाचणी भारताच्या चाचणी-नोंदवहीत, सीटीआरआयमध्ये, नोंदवलेली आहे का आणि तिचा क्रमांक काय? आणि चाचणी असेल तर तुम्ही माझ्याकडून पैसे का घेताय? क्रमांक दिला तर घरी येऊन संकेतस्थळावर तो स्वतः तपासा. ती नोंदवही सगळ्यांना खुली आहे. दिला नाही तर उठून या.